उतारावर लावलेली गाडी

महिनाभर बापू घोरपडे आपली जुनी स्पोर्ट्‌स कार उतारावरच लावत होते. चावीनं ती सुरू होत नसे. उतारावर गडगडत सोडून गिअर टाकला, की मात्र व्हायची. शेवटी ते तिला सलीमच्या गॅरेजात घेऊन आले.

"स्टार्टर गेलाय," बापू गाडीत बसूनच म्हणाले.

सलीमनं बिघाड शोधणारा स्कॅनर लावला. "बापू, स्टार्टर ठणठणीत आहे. हा कोड इंजिनाचा नाही, चालवणाऱ्याचा आहे. गेल्या वर्षी बसवलेल्या सेन्सरच्या स्टिअरिंगनं तुमचे हात तपासले आणि चावी अडवली. हात थरथरतात म्हणे."

"पुसून टाक कोड."

"दोनदा पुसला. तुम्ही स्टिअरिंग धरलं की परत येतो."

"यंत्राला काय कळतंय माणसाचं!"

"मला तर कळतंय ना?" बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नी वसुंधराकाकू उठल्या. "रोज सकाळी अर्धा चहा बशीत सांडताय. उतरा बघू."

बापू उतरले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच काकू या गाडीच्या स्टिअरिंगवर बसल्या. त्यांनी चावी फिरवली आणि इंजिन लगेच गुरगुरलं.

"आधी डॉक्टरांकडे जाऊ," काकू म्हणाल्या.

बापू क्षणभर बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग डावीकडचं दार उघडून आत बसले.

"क्लच जड आहे हिचा," ते हळूच म्हणाले. "सावकाश सोड."