आईचा वाटा

"ही बाई तर महिन्यापूर्वीच वारली. बाळंतपणात, दवाखान्यात," यादीतल्या एका नावावर बोट ठेवून श्रीकांत म्हणाला. "मग तिचा वाटा रोज कोण नेतं?"

सुनंदाताईंचा खिचडीतला डाव थांबला. सिल्वासातल्या आमली भागात, कामगारांच्या चाळीतली अंगणवाडी त्या चालवत. "नवरा नेतो, नथू. धुळ्याकडचा आहे. रात्रपाळी करून येतो अन् डबा भरून नेतो."

"आणि तुम्ही देता?"

"बाळाचं वजन बघा ना, साहेब. दर आठवड्याला चढतंय."

"बाळाचं नाही विचारलं मी."

दिल्लीचं नवं पोषण धोरण गेल्या वर्षी सिल्वासात पोचलं होतं. आहार लहान मुलांना, गरोदर बाईला आणि पाजणाऱ्या आईला. प्रत्येकीला डोळ्यांनी बघायचं, खोटं नाव कापायचं, हे पर्यवेक्षक श्रीकांतचं काम.

महिन्यापूर्वी त्याचं स्वतःचं बाळ त्याच दवाखान्यात, जन्मानंतर आठव्या दिवशी दगावलं होतं. तेव्हापासून त्याची बायको प्रमिला घास गिळत नव्हती. ताट तसंच उचलावं लागे. हल्ली ती दिवसातून चारदा देवळात जायची. तेवढंच मन रमेल, म्हणून तो काही बोलत नसे.

नथू आला. डबा भरून घेतला.

"कोणासाठी रे?" श्रीकांतने विचारलं.

"पाजणारीले, साहेब."

"मेलेली बाई पाजते?"

नथूने मान खाली घातली. "दुसरी हाय. पोटची नसून पाजते. तिले उपाशी धाडलं तर आमच्यात पाप लागतं. नाव कापू नका, साहेब. ती आली नाही तर पोरगं जाईल."

"दाखव मला."

सुनंदाताई चटकन उठल्या. "तुम्ही नका जाऊ. मी बघून सांगते."

"का? तुमचाही वाटा आहे की काय यात?"

त्या पुन्हा खिचडीकडे वळल्या.

चाळीतली शेवटची खोली. नथू दाराबाहेरच थांबला. "ती असली की मी आत जात नाही. उंबऱ्यातूनच डबा सरकवतो."

श्रीकांतने त्याच्या हातून डबा घेतला आणि दार ढकललं.

आत उजेड कमी होता. एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या मांडीवरून बाळाचा गुबगुबीत पाय बाहेर आला होता. बाळ चुटूचुटू पीत होतं.

"डबा तिथेच ठेवा, नथूभाऊ," मागे न बघता प्रमिला म्हणाली. "आज फार भूक लागली आहे."