लेकीचा व्यायाम

सकाळी नलूताईंनी मास्तरांना खुर्चीत बसवून त्यांच्या लुळ्या हातापायांना पट्टे बांधले. जरा वेळाने मास्तरांचा गुडघा आपोआप वर आला.

“बसली हो हेमांगी व्यायामाला!”

तिकडे इंदूरला लेक खुर्चीत बसून हातपाय हलवायची आणि पट्ट्यांतून तीच हालचाल इकडे मिरजेत बापाच्या अंगात उतरायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज व्हायलाच हवं. ती एक दिवस चुकवत नव्हती, पण बोलतही नव्हती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मास्तरांनीच तिला घराचं दार बंद केलं होतं. आता तिच्या एका हाकेसाठी त्यांचा जीव तुटायचा. पट्ट्यांतून मात्र इकडचं तिकडे काहीच जात नव्हतं.

लहानपणी ते तिला पहाटे उठवून बैठका मारायला लावायचे. ती रडकुंडीला आली की मग स्वतःच तेल घेऊन तिच्या पोटऱ्या चोळत बसायचे.

पाय थांबले. व्यायाम संपला म्हणून नलूताई पट्टे सोडायला वाकल्या.

“थांब गं,” मास्तर पुटपुटले.

त्यांचा उजवा हात हळूच उचलला गेला, खाली गेला आणि त्यांचीच पोटरी चोळू लागला, घोट्याकडून वर, सावकाश. तेल तेवढं नव्हतं.