किती पडायला लागते?

"मावशी, भिंत पडलीय की पडायला आलीय?" पालिकेच्या आपत्ती कक्षात विनिताने फोनवर विचारलं.

"पडली असती तर अँब्युलन्सला फोन लावला असता," पलीकडून उत्तर आलं. बोलत होत्या रंगूबाई, अंगणवाडीतल्या मदतनीस. त्यांच्या बोळात मागच्या मोठ्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत आठवडाभराच्या पावसाने पोट काढून उभी होती. अंगणवाडीला जायला दुसरी वाट नव्हती. "आज पोरं घरी धाडली. उद्या सकाळी परत येतील ना ती! त्यांच्या डोक्यावर पडंल."

विनिताने समोरच्या स्क्रीनवर पाहिलं. आग होती, झाड पडणे होतं, पाणी साचणे होतं, पक्षी-प्राणी अडकणे होतं. भिंत कोसळणेही होतं. झुकणे मात्र कुठेच नव्हतं, आणि यातलं काहीतरी निवडल्याशिवाय गाडी सुटत नसे. मघाशीच घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये जाळीत अडकलेल्या कबुतरासाठी गाडी निघाली होती, तीही सायरन वाजवत. कबुतर बिचारं खरंच अडकलं होतं, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

"सर, भिंत झुकलीय. खाली अंगणवाडी आहे," ती मागे वळून म्हणाली.

कक्षाचे प्रमुख हरिहरराव चष्मा पुसत होते. "झुकली म्हणजे धोकादायक बांधकाम. ते प्रभाग कार्यालयाकडे जाईल. ते पाहणी करतील, नोटीस काढतील."

"आणि तोवर?"

"अगं, शहरातल्या प्रत्येक झुकलेल्या भिंतीला गाडी धाडली, तर आग लागेल तिथे काय पाठवू? मला काय आनंद होतो असं सांगताना?"

होत नव्हताच. माणूस वाईट नव्हता, नियमात मुरलेला होता. विनिताने रंगूबाईंना सगळं समजावून सांगितलं. सांगताना तिची तिलाच लाज वाटली.



"म्हणजे पडली की गाडी येते?" रंगूबाईंनी विचारलं.

"लगेच."

"आणि उरलेली भिंत?"

"ती पण मग आमचीच माणसं उतरवतात."

"किती पडायला लागते?"

विनिताने हळूच मागे पाहिलं. हरिहरराव फायलीत डोकं घालून बसले होते. तिने आवाज खाली आणला. "थोडी पडली तरी चालते, मावशी. भिंतीचा भाग कोसळणे, असं आहे आमच्याकडे."

"बरं."

फोन बंद झाला. आपण हे काय बोलून बसलो?

जेवणाचे डबे उघडले तेव्हा फोन पुन्हा वाजला. हात भाजीने भरलेले, म्हणून विनिताने कोपराने स्पीकर लावला.

"रंगूबाई बोलते. भिंतीचा भाग कोसळला म्हणून लिवा."

"अरे देवा. कोणी जखमी?"

"कोण नाय. सगळी घरं रिकामी केली. बोळाच्या दोन्ही तोंडाला बाया उभ्या केल्यात, मांजर पण आत सोडत नाय."

"कधी कोसळला?"

"थांबा हां जरा." फोन तोंडापासून लांब गेला. "सूरज, दोरी नीट बांधलीस ना? हां, घे आता रिक्षा फुडं!"

रिक्षा गुरगुरली. तिचा आवाज चढत चढत रडकुंडीला आला. मग विटा ढासळल्या, आणि बायांचा असा गलका उठला की विनिताने फोन मागे सरकवला.

"आता," रंगूबाई म्हणाल्या. "आता कोसळला."

कक्षात कोणी घास उचलला नाही. हरिहररावांनी शब्द न् शब्द ऐकला होता. विनिता त्यांच्याकडे न बघता हात पुसून स्क्रीनकडे वळली. भिंतीचा भाग कोसळणे. पत्ता. जखमी नाहीत. घोडबंदरची गाडी मोकळी झाली होती, कबुतर उडून गेलं होतं. आता शेवटचा एकच रकाना उरला होता, आणि तो भरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

"सर," ती म्हणाली, "कारण काय लिहू?"

हरिहररावांनी डब्याचं झाकण लावलं. उठून खिडकीशी गेले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, शिपायाने धुतलेली छत्री कठड्यावर वाळत घातली होती.

"पाऊस लिही," ते म्हणाले. "मुसळधार."