फट ठेवलेली कवळी

कवळ्या बनवण्याच्या त्या छोट्या लॅबमधला फोन ताईंनी उचलला, कारण त्यांचे हात कोरडे होते. मागच्या टेबलापाशी त्यांच्या हाताखालची पोरगी, बारकी, तोंडाला फडकं बांधून पॉलिशच्या मशीनवर एक कवळी घासत उभी होती. मशीनच्या घरघरीत तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

"दातांच्या रुग्णालयातून बोलतेय, इथल्या लॅबची प्रमुख," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या मुलीनं अर्जात तुमचं नाव दिलंय. थोडी चौकशी करायची होती."

अर्ज ताईंनीच लिहून घेतला होता तिच्याकडून. 'मेहनती, प्रामाणिक असलं काही लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. किती कवळ्या केल्यास तो आकडा लिही,' असं बजावलं होतं. खाली ओळखीच्या व्यक्तीचं नाव मागितलंय तिथे माझं टाक, फोनबिन कोणी करत नाही, असंही सांगितलं होतं. हे अनुभवाचे बोल होते. याच रुग्णालयात ताईंनी तीनदा अर्ज केला होता, तिन्ही वेळा मालकांचं नाव दिलं होतं, आणि मालकांना एकदाही फोन आला नव्हता. बारकीचा हा पहिलाच अर्ज, आणि मुलाखतही होऊन गेली होती. फोन आला म्हणजे काम झाल्यातच जमा. एकोणीस वर्षं मेण वितळवत बसलेल्या बाईच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं, आणि दुखलंच.

"कशी आहे मुलगी?"

"चांगली आहे," ताई म्हणाल्या, आणि श्वास न घेता पुढे, "पण कामाला फार वेळ लावते."

"म्हणजे?"

"माझ्या तीन कवळ्या होतात तेव्हा हिची एक होते. मेणात बसवलेले दात पुन्हा उपटते, पुन्हा बसवते." यात खोटं काहीच नव्हतं. शिवाय मशीन चालू होतं, त्यामुळे जीभ मोकळी सुटली होती. "गिऱ्हाइकांकडून जुने फोटो मागवत बसते. लग्नातले, कॉलेजातले. म्हणे, पूर्वी दात जसे होते तसेच द्यायचे. परवा एका म्हाताऱ्याच्या पुढच्या दोन दातांत मुद्दाम फट ठेवली हिनं. चांगले मोत्यासारखे सरळ देता येत असताना!"

"मग? त्यांनी परत आणली कवळी?"

म्हाताऱ्यानं कवळी घालून आरशात पाहिलं होतं आणि बाहेर बसलेल्या बायकोला हाक मारली होती. ती आत आली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसता हसता रडायला लागली. 'अहो, हे तर तुम्हीच,' एवढंच म्हणाली. ताईंच्या कवळीला एकोणीस वर्षांत 'बसली', 'टोचते' आणि 'जरा घासून द्या' यापलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "खूश होऊन गेले."

"असणारच. मुलाखतीत तिनं त्या कवळीचे फोटो दाखवले आम्हाला. आमच्याकडे असं करणारं एक माणूस नाही. हे कुणाकडून शिकलीस विचारलं तर म्हणाली, ताईंकडून. सगळं ताईंकडूनच. खरं तर त्यासाठीच फोन केला. अजून एक जागा भरायची आहे. हे तुम्ही शिकवलंत का तिला?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. बारकी कवळी उजेडात धरून डोळा बारीक करून बघत होती. पोरीनं ताईंचं नाव घेतलं होतं, तेही परक्या माणसांसमोर, न मागता. तिच्या हाताचा हेवा वाटत होताच, आता तिच्या मनाचाही वाटायला लागला, आणि हा दुसरा जास्त झोंबला.

"हो," ताई म्हणाल्या. मशीनच्या वरताण आवाज काढून म्हणाल्या, "मीच शिकवलं!"

तेवढ्यात बारकीनं मशीन बंद केलं. तिनं ऐकलं होतं. तोंडावरचं फडकं खाली ओढून ती जोरजोरात मान हलवू लागली, हो हो, अगदी खरं, असं. ताईंनी तिच्याकडे पाठ केली.

"छान. मग सोमवारी दोघी या," बाई म्हणाल्या. "तिचं पक्कंच आहे. तुम्हाला एक जुना फोटो देऊ. त्यातल्यासारखे दात आमच्यासमोर बसवून दाखवा, झालं."

ताईंनी फोन ठेवला.

"कुणाचा होता, ताई?"

"रुग्णालयातून. तुझं काम झालं."

बारकीनं आधी कवळी नीट खाली ठेवली आणि मग उडी मारली. ताईंच्या गळ्यात पडली. ताईंनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. त्यांच्या डोक्यात आज शुक्रवार असल्याचं फिरत होतं.

मग त्यांनी खिडकीजवळचं आपलं स्टूल उचललं. त्या स्टुलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ते त्यांनी मागच्या टेबलापाशी नेऊन बारकीच्या शेजारी ठेवलं.

"जुना फोटो आहे का गं कुणाचा तुझ्याकडे?"

"एका बाईंचा आहे. पुढचा एक दात जरा आडवा आलाय."

"काढ. मेण गरम कर. आणि तो आडवा दात कसा बसवतेस ते दाखव मला."

बारकीला ती थट्टाच वाटली. "काय हो ताई! तुम्हीच तर शिकवलंत."

"दाखव म्हटलं ना!" ताई खेकसल्या. मग आवाज उतरला. "सोमवारच्या आत आलं पाहिजे मला."