धाकटी आणि थोरली

चाप ओढला, आणि नुसतं ‘खट्’ झालं.

हेस्टरने बंदूक खाली घेतली नाही. बार फुसका गेला तरी नळी तशीच रोखून तीस आकडे मोजायचे, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, हे तिला नवऱ्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ती मोजत राहिली. दहा पावलांवर घरचा कुत्रा वाख्तर कान टवकारून बसला होता. तिचं मोजून व्हायची तोही वाट बघत असावा.

“झाले तीस,” थिनस म्हणाला. हा तिचा दीर, शेजारच्या फार्मवरचा. “काढ ते, वहिनी.”

तिने काडतूस काढून तळहातावर घेतलं. बुडाच्या काठावर एक बारीक खोच उमटली होती. या घरात दोन बंदुका, धाकटी आणि थोरली. धाकटी सशा-तितरांसाठी आणि कापायच्या मेंढीच्या कपाळासाठी, थोरली मोठ्या हरणांसाठी. थोरलीचं काडतूस बुडाच्या मधोमध ठोकलं की पेटतं; ते फुसकं निघालं तर फेकूनच द्यायचं. धाकटीचं काठावर पेटतं, आणि काठ तर गोलच असतो, म्हणून तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा घालता येतं. “धाकटीला चार वेळा विचारता येतं,” तिचा नवरा बेरेंड म्हणायचा, “थोरली एकदाच सांगते.”

थोरली आता घरात नव्हती. अकरा दिवसांपूर्वी बेरेंड ती घेऊन कुडू हरणाच्या मागावर डोंगरात गेला, बरोबर वाख्तर. पोलिसांसकट सगळ्या पंचक्रोशीने नऊ दिवस डोंगर पालथा घातला आणि हात हलवत परत आली. आज सकाळी वाख्तर एकटाच फाटकाशी येऊन उभा राहिला. अंगावर ओरखडा नाही. पोट टम्म.

कारू नावाच्या या मेंढ्यांच्या मुलखात अशा कुत्र्याला एकच शिक्षा. ज्याने मेंढीचं रक्त चाखलं त्याला त्याच दिवशी गोळी, आणि तीही ज्याचा कुत्रा त्याच्याच हातून. पण तासाभरापूर्वी म्हातारा मेंढपाळ फ्लिप टोपी हातात धरून सांगून गेला होता, “सगळ्या आहेत, बाई. कोकरूसुद्धा कमी नाही. शेजाऱ्यांकडेही विचारून आलो.”

“मेंढी नाही खाल्ली,” थिनस तेव्हा म्हणाला होता, “तर मग अकरा दिवस त्यानं खाल्लं काय?”

त्यावर हेस्टरने धाकटी बाहेर काढली होती. हेस्टरला कुत्र्याची भीती वाटत नव्हती, त्याच्या पोटाची वाटत होती. आणि बेरेंड कुठे आहे हे ठाऊक असलेला तोच एक जीव होता. सकाळपासून दोनदा त्याला डोंगराकडे नेऊन पाहिलं. फाटकापुढे तो पाऊल टाकेना.

तिने काडतूस फिरवून घातलं. खट्. तीस आकडे. पुन्हा फिरवलं. खट्. काठावर आता तीन खोचा होत्या, कोणीतरी दातांनी चावल्यासारख्या. वाख्तरने एकदाच शेपटी जमिनीवर आपटली.

“काय चिकट माणूस आमचा भाऊ! आजोबांच्या वेळची काडतुसं असतील ही,” थिनस म्हणाला. “आण इकडे. मी उरकतो.”

“कुत्रा माझा आहे.”

चौथ्या बारासाठी तिने काडतूस पुन्हा फिरवलं. तिने नळी उचलली, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिला ते जमेना. नळी वळवून तिने कोरड्या तळ्याच्या मातीच्या बांधावर रोखली आणि चाप ओढला.

टप्. बांधावर चिमूटभर धूळ उडाली. धाकटीचा आवाज तो केवढा, वाळकी काटकी मोडावी एवढा. वाड्यातल्या मेंढ्यांनी मानही वर केली नाही.

वारा पडला होता. हेस्टर श्वास सोडते न सोडते तोच डोंगराकडून उत्तर आलं. जड, खोल, कड्याकड्यांवरून गडगडत खाली आलेला बार. गोठ्याचे पत्रे थरथरले. मेंढ्या धावत एका कोपऱ्यात दाटल्या.

वाख्तर उठला. फाटकाच्या खालून सरपटत बाहेर गेला आणि डोंगराच्या वाटेवर थांबून मागे बघू लागला.

“प्रतिध्वनी,” थिनस म्हणाला. जिल्ह्याच्या नेमबाजीचे दोन कप त्याच्या कपाटात होते, एक धाकटीवरचा, एक थोरलीवरचा. दोन्हींचे आवाज त्याने झोपेतही वेगळे ओळखले असते. बोलताना तो वहिनीकडे बघत नव्हता.

“धाकटीचा?” हेस्टरने विचारलं.



तिने बंदूक भिंतीला टेकवली. ओट्यावरचा पाण्याचा कॅन उचलला, खुंटीवरचा बेरेंडचा लोकरी कोट खांद्यावर टाकला. आता मात्र थिनस आडवा आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वहिनी, ऐक माझं. अकरा दिवस झाले. रात्री पाणी गोठतंय, वर प्यायला थेंब नाही. जिवंत माणूस असता तर आपल्याला सापडला असता.”

“जिवंत आहे असं मी म्हटलं का?” फाटकाची कडी काढत ती म्हणाली. “पण बोलावलंय त्यानं. बायकोनं जायला नको?”