गच्चीवरचा मंगळ

"आरसाच ना? ओढणीनं पूस आनि हो मोकळी," कमळा म्हणाली.

"घरातल्या आरशाचा मुलामा मागं असतो, आई. दुर्बिणीच्या आरशाचा पुढं. पुसला की संपलाच."

मृणालीनं आरसा परातीत ठेवला. कामतघर गावात घरोघरच्या यंत्रमागांचा कापूस ताटातल्या भातावरही बसतो, मग दुर्बिणीनंच काय घोडं मारलंय! कडेचा मुलामा तर उडालाच होता. नवा चढवायला आरसा पुण्याला धाडावा लागणार होता. पण आजची संध्याकाळ निभावणं भाग होतं.

मानकोलीची ठकुबाई मुलाला, कुणालला, घेऊन होकार द्यायला येणार होती. आणि मृणालीला लग्न नको होतं, पुढं शिकायचं होतं. घरात सांगून सांगून ती थकली. बाप पंढरी ऐकेना. वरून मध्यस्थाला छातीठोक सांगून बसलेला, "पोरीला मंगळ-बिंगळ काय न्हाय." होता, चांगला कडक होता. मृणालीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण काट्यानं काटा निघत असेल तर काढावा. यंदा मंगळ पृथ्वीच्या जवळ आलेला, पेपरात रोज त्याचे फोटो. पाहुण्यांना तो गच्चीवर दाखवायचा आणि तिथंच खरं सांगून टाकायचं. मग बापाला सारवासारव करता येणार नव्हती.

कमळा आरसा घासायला चिंच घेऊन आली, तिला मृणालीनं हाकललं. नळाची बारीक धार सोडून आधी धुळीची कचकच वाहून जाऊ दिली. मग साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात कापूस भिजवून नुसता ओढत नेला, बोटाचा दाब न देता. शेवटी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं आणि आरसा वाळायला तिरपा उभा केला.

पाहुण्यांना मंगळ दाखवणार म्हटल्यावर पंढरी खूश. "दाखव, दाखव. पोरीचं डोकं बघू दे त्यांना."

अंधार पडल्यावर गच्चीवर ठकुबाईनं पदर सावरून दुर्बिणीला डोळा लावला.

"लाल हाय गो. कोन हा?"

"मंगळ." मृणालीनं एका दमात सांगून टाकलं. "हाच माझ्या कुंडलीत बसलाय, मावशी. कडक. बाबांनी तुमच्यापासून लपवला."

पंढरीनं कपाळावर हात मारला. सुटले एकदाची, मृणालीच्या मनात आलं.

ठकुबाईनं वळून मुलाकडं बघितलं. कुणालनं मान खाली घातली.

"आमच्याला पन कडकच हाय गो. आमीबी लपवला," ठकुबाई म्हणाली आणि तिनं मृणालीला पोटाशी धरलं. "मंगळाची पोर मिळावी म्हनून देव पान्यात घातलं व्हतं. पंढरीदादा, तारीख काढा."