पाठवणीची गाडी

पाठवणीच्या क्षणी बापाचं काळीज तुटतं. अच्युतरावांचं वेळेवर तुटलंही, पण फुलांनी सजवलेली गाडी नुसतीच खर्रखर्र करत राहिली.

"स्टार्टर फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत," नवरीचे मामा बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले.

"मग पेट्रोल बघा!"

"टाकी सकाळीच भरलीय. ठिणगी पडत नसणार."

अच्युतराव काचेशी ताटकळत होते. पहिला हुंदका ओसरला होता, दुसरा येत नव्हता. लेकीला धड निरोप द्यायचा, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

मृण्मयीनं काच खाली केली. "बाबा, परत रडवू नका हं. मेकअपवाली गेली."

शेवटी विहीणबाईंनीच दार उघडलं. "चल गं, चालत जाऊ."

"नवी नवरी, पायी?" अच्युतराव कळवळले.

सासर मंगल कार्यालयाच्या मागच्याच सोसायटीत, पहिल्या मजल्यावर होतं.